सुयांची बाटली

सकाळची दवाखान्याची वेळ संपत आली होती. आमच्या भागातील घंटागाडीवर काम करणाऱ्या एक मावशी उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताने घट्ट दाबून धरीत आत आल्या. कचऱ्याची पिशवी उचलताना हाताला काहीतरी टोचले होते. पिशवी उघडून पाहिली, तर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, कांद्याची टरफले आणि त्यांत इन्सुलिनच्या पेनला लावायची एक बारीक सुई. टोचलेल्या जागी रक्ताचा एक थेंब आला होता. तोही एव्हाना सुकला होता. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि कामावर परत जावे, एवढाच मावशींचा विचार होता. "लवकर द्या डॉक्टरसाहेब, गाडी खोळंबलीय," असे त्या म्हणाल्या.

त्यांना पुढचे सांगणे सोपे नव्हते. जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन घेतली, धनुर्वाताची लस दिली आणि मग त्यांना समोर बसवून समजावावे लागले. ही सुई कोणाच्या अंगात टोचली गेली होती हे आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा आजच, किंबहुना आत्ताच, शासकीय रुग्णालयात जायला हवे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तरी लागण होण्याचा संभव हजारात तीनच्या आसपास असतो. 'ब' प्रकारच्या काविळीचा संभव, लस घेतलेली नसल्यास, त्याहून कितीतरी पटींनी अधिक. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या तर त्या शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. मग दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्ततपासणी. मावशींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "घरी काय सांगू?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या गेल्यानंतर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्या इमारतीतून ती पिशवी आली होती, तेथे इन्सुलिन घेणारे तीन रुग्ण होते आणि तिघेही माझेच. तिघांनाही इन्सुलिन मीच सुरू केले होते. सुई पोटावर कोठे टोचावी, जागा कशी बदलत राहावी, पेन फ्रिजच्या कोणत्या कप्प्यात ठेवावे, साखर एकाएकी उतरली तर काय करावे, हे सारे मी तिघांनाही बजावून सांगितले होते. वापरलेली सुई टाकायची कोठे, हे एकालाही सांगितले नव्हते. सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात बहुधा कोणालाच सांगितले नसावे.

माझ्या स्वतःच्या दवाखान्यात सुईचा केवढा बडेजाव! २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात जाते, त्या डब्याची नोंद होते, तो न्यायला वेगळी गाडी येते. आणि मीच लिहून दिलेली सुई रुग्णाच्या घरून मात्र कांद्याच्या टरफलांबरोबर निघते. घनकचऱ्याच्या २०१६च्याच नियमांत घरातील वापरलेल्या सुया आणि मुदत संपलेली औषधे यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते आणि तो निराळा द्यावा, असे सांगितले होते. आपल्यापैकी किती घरांत हे ठाऊक आहे, हे आपणच आपल्या स्वयंपाकघराकडे पाहून ठरवावे.

त्या संध्याकाळी मी तिघांनाही दूरध्वनी केला. एक म्हणाले, "आमची नसेल हो, आम्ही टोपण लावून टाकतो." दुसऱ्या बाईंना ऐकून वाईट वाटले आणि त्या लगेच म्हणाल्या, "मग टाकायची कुठे, ते सांगा." तिसरे एक निवृत्त गणित शिक्षक, सारा परिसर त्यांना 'सर' म्हणतो. ते काही क्षण काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते दारात उभे होते. "माझे रक्त तपासा. मला काही नाही असे निघाले, तर त्या बाईंचा जीव थोडा तरी हलका होईल." त्यांचे रक्त निर्दोष निघाले. परंतु सुई त्यांचीच होती हे सिद्ध करण्याचा मार्ग नसल्याने मावशींच्या गोळ्या थांबवता येईनात. ती सुई कोणाची होती, हे अखेरपर्यंत कळले नाही.

सर सचोटीचे गृहस्थ. दूधवाल्याने चुकून दहा रुपये अधिक परत दिले, तर भर पावसात जाऊन ते देऊन येणारे. आपल्या घरातील एका बारीक वस्तूने कोणा कष्टकरी बाईला महिनाभर मळमळत्या पोटाने काम करावे लागते आहे, ही शक्यताच त्यांना सहन होईना. त्यांनी ठरवले की, यापुढे आपल्या घरातून कोणाचेही नुकसान होता कामा नये. आठवडाभरात गॅलरीत कचऱ्याचे सात डबे आले. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळू लागल्या. सूनबाईंनी नातवाला डायपर घालायचा नाही, अशी आज्ञा निघाली. बाहेरून काही मागवणे बंद. भाजी केवळ कापडी पिशवीतून. ती नेण्याचे विसरले, तर भाजी न घेताच परत. औषधाच्या प्रत्येक गोळीचे वेष्टन निराळे. कोणता साबण नदीला अपायकारक आहे याची विचारणा ते मला रात्री साडेनऊला करीत.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी रक्तदाब तपासायला आल्या. नेहमी १३०च्या आसपास असणारा वरचा आकडा १५८ होता. मी गोळ्या नियमित घेता का, असे विचारताच त्यांचे डोळे भरून आले. "सात डबे ह्यांनी आणले, डॉक्टर, पण धुतं कोण?"

त्यानंतर पंधरा दिवसांत सर्व काही पूर्ववत झाले. सातांपैकी सहा डब्यांत कुंड्या लावल्या गेल्या, डायपर परत आले आणि, वाचकहो, सुयाही पुन्हा काळ्या पिशवीत जाऊ लागल्या. सरांनीच ते मला सांगितले. "नाही जमले, डॉक्टर. एवढे सगळे पाळायचे म्हणजे संन्यास घ्यायला हवा. मग एका सुईचे नाटक कशाला?"

या शेवटच्या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. सरांसारख्या मनुष्याने ते म्हणावे, याचे मला आश्चर्य वाटले नाही. कारण दवाखान्यात ते मी रोज निराळ्या शब्दांत ऐकतो. मधुमेहाचा पथ्य पाळणारा रुग्ण होळीला एक पुरणपोळी खातो आणि 'आता मोडलेच आहे' म्हणत गुढीपाडव्यापर्यंत श्रीखंडासकट सारे खाऊन घेतो. त्याचे नुकसान पहिल्या पोळीने फारसे झालेले नसते. ते झालेले असते 'मोडलेच आहे' या निष्कर्षाने. म्हणून आम्ही एका दिवसाच्या साखरेवर विसंबत नाही. 'एचबीए१सी' नावाची तपासणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. होळीची पोळी तिच्यात जवळजवळ विरून जाते, पण रोजचे दोन चमचे साखर मात्र दिसतात. आपल्या नित्याच्या बऱ्यावाईट वागण्याचा हिशेबही असाच मांडावा, असे मला वाटू लागले आहे. एखाद्या दिवशी पिशवी विसरली, एखाद्या दिवशी रिक्षावाल्याशी उगाच हुज्जत घातली, म्हणून कोणी अप्रामाणिक ठरत नाही. तीन महिन्यांत बहुतेक दिवशी काय घडले, ते पाहावे.

हा विचार काही नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. जैन परंपरेने साधूंसाठी महाव्रते सांगितली आणि गृहस्थांसाठी त्याच अहिंसेची, सत्याची, अस्तेयाची अणुव्रते सांगितली. व्रत तेच, मात्र ते चूल पेटवणाऱ्याला, मुले वाढवणाऱ्याला, दुकान चालवणाऱ्याला पेलेल एवढ्या मापाचे केलेले. आचार्य तुलसी यांनी १९४९ साली हेच नाव घेऊन अणुव्रत आंदोलन सुरू केले आणि ते कोणत्याही धर्माच्या मनुष्याला खुले ठेवले. बौद्धांच्या पंचशीलातील प्रत्येक शीलाला 'शिक्षापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. शिकणारा चुकणार, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. गृहस्थाने संन्याशाचे माप अंगावर घेतले की ते सैल पडते, त्यात पाय अडकतो आणि मग मनुष्य ते पुरतेच उतरवून ठेवतो.

सरांच्या पत्नींचे वाक्यही मी विसरू शकलेलो नाही. घराने अधिक चांगले वागायचे ठरवले की, त्या चांगुलपणाचे काम बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते. पुरुषमंडळी निर्णय घेतात. पिशव्या धुणे, खत उपसणे, कापडी लंगोट वाळवणे हे घरातील बाईच्या वाट्याला येते. आपल्या तत्त्वासाठी दुसऱ्याची कंबर दुखत असेल, तर त्या तत्त्वाच्या हिशेबात कंबरदुखीही धरायला हवी. (हे लिहिताना माझ्या घरातूनही एक मिस्कील कटाक्ष माझ्याकडे टाकला जात आहे, हे नमूद करतो.) म्हणून मी तरुण आईवडिलांना सांगतो की, रात्री आणि प्रवासात डायपर खुशाल वापरा, दिवसा घरी लंगोट जमला तर पाहा, पण वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल शाईने मोठा ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड गुंडाळून देण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या, त्यामागचे कारण हेच होते. उघड्या हातांनी कचरा निवडणाऱ्या व्यक्तीला पुडक्यात काय आहे हे न उघडता कळावे. या कामाला अर्धे मिनिट लागते आणि ते घरातील कोणीही करू शकते.

मग शंभर गोष्टींतून निवडायचे काय? मी स्वतःला विचारतो, ते असे : माझ्या सोयीची किंमत माझ्या जवळपासचे कोणी मोजते आहे का, ती किती मोठी आहे आणि ती टाळायला मला कितीसे करावे लागेल? सुई या कसोटीला चटकन उतरते. नुकसान होते ते अर्धे आयुष्य झाकोळून टाकणारे, उपाय आहे तो एका रिकाम्या बाटलीचा. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालण्याचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु ज्याच्याकडून दोन्ही होणार नाही त्याने सुई आधी धरावी.

याच कसोटीवर आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या आजारपणाकडे पाहा. त्या खोकत येतात. आपण 'तोंडाला ओढणी बांधा' म्हणतो, काम करवून घेतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयाची तपासणी व्हायला हवी आणि ती शासकीय केंद्रात विनामूल्य होते. परंतु तपासणीत क्षय निघाला, तर काम जाईल या भीतीने त्या जात नाहीत आणि त्यांची ही भीती खरी आहे. माझ्याच रुग्णांपैकी सुशिक्षित, सुस्वभावी कुटुंबांनी अशा बायकांना दुसऱ्या दिवशी 'येऊ नका' म्हणून सांगितल्याचे मी पाहिले आहे. त्यांना मी दोष देतो, पण फार मोठ्याने नाही. घरात लहान मूल असले की भीती वाटतेच. तेव्हा वस्तुस्थिती सांगतो. औषधांना दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयात योग्य उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. तेव्हा त्या बाईंच्या डॉक्टरांचा होकार येईपर्यंत पगारी रजा द्यावी आणि मग कामावर परत घ्यावे. शासनाकडून क्षयरुग्णाला पोषणासाठी पैसे मिळतात. २०१८ साली दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. त्यात घर चालत नाही. आपण निवृत्तिवेतन, विमा, बोनस हे सारे देऊ शकणार नाही, हे मान्य. आदर्श मालक होता येत नाही म्हणून आजारपणाची पगारी रजाही न देणे, हे सरांच्या सातव्या डब्यासारखेच आहे.

कधीकधी तर आपला चांगुलपणाच चुकीच्या वाटेने जातो. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आपण वॉचमनला देतो. त्याचे पैसे वाचावेत हा हेतू. त्याला झालेला ताप विषाणूंचा असतो, गोळ्यांचा उपयोग शून्य, मात्रा अपुरी, एखाद्याला त्या औषधाची ॲलर्जी असली तर जिवावर बेतावे. शिवाय अशा अर्ध्यामुर्ध्या वापरातून जंतू औषधाला निर्ढावतात. मार्च २०१४पासून अनेक प्रतिजैविके 'एच-१' या परिशिष्टात टाकली गेली. दुकानदाराने चिठ्ठीवरच द्यावीत आणि त्यांची नोंद ठेवावी, असा दंडक आला. हा दंडक आपल्या औषधाच्या डब्याला लागू होत नाही, एवढेच. वॉचमनवर खरोखर माया असेल, तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि तपासणीचे पैसे आपण द्यावेत. आणि मुळात डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपर्यंत गोळ्या घेतल्या, तर डब्यात उरतील कशाला?

हेतू चांगला असूनही किती मोठे अरिष्ट ओढवू शकते, याचे एक उदाहरण माझ्या रोजच्या औषधांपैकीच आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मी आठवड्यातून कित्येकदा लिहून देतो. एकेकाळी शेतकरी लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या गाईला तेच टोचून घेत; मुक्या जनावराची कळ थांबावी म्हणून. असे जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होत. आपल्या आकाशातील गिधाडांच्या तीन जाती पंधरा-वीस वर्षांत शेकडा ९५हून अधिक घटल्या आणि कारण कोणाला उमगेना. २००४ साली ते शास्त्रज्ञांनी शोधून काढले, २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर आपल्या देशात बंदी आली. माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्यांचाही आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. बैलाला इंजेक्शन देणारा तो शेतकरी दुष्ट होता, असे कोण म्हणेल? त्याला आधी कळणे शक्यच नव्हते. कळल्यावर मेलॉक्झिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध वापरणे मात्र शक्य होते. आपल्या प्रत्येक कृतीचा शेवट कोठे होतो, हे जाणून मगच पाऊल उचलायचे ठरवले, तर मनुष्य पाऊलच उचलणार नाही. जेवढे कळले आहे तेवढ्यापुरते बदलणे, एवढेच आपल्या हाती आहे.

आता माझ्या स्वतःच्या बाबतीत. सर्टिफिकेटांचा विषय टाळून हा लेख पुरा केला, तर माझे जुने रुग्ण हसतील. गणपतीला कोकणात जायचे असते, शाळेला सुट्टी दोनच दिवसांची असते, आई येऊन म्हणते, "डॉक्टर, पाच दिवस ताप होता असे लिहून द्या ना." तो मुलगा शेजारी उभा असतो, टणटणीत. मी अशी सर्टिफिकेटे दिली आहेत, एक-दोन नव्हे, बरीच दिली आहेत. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनुसार खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते, हे मला ठाऊक होते. पण घरोबा असतो, संकोच असतो, आणि 'सगळेच देतात' ही सबब तर कायम हाताशी असते. धर्मराजाचा रथ अर्धसत्य उच्चारल्याबरोबर जमिनीला टेकला म्हणतात. माझा जमिनीवरून कधी उचललाच गेला नव्हता.

मला खटकले ते नियमामुळे नव्हे. एकदा अशीच खोटी चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाने दारातच आईला विचारले, "मग मी परीक्षेच्या वेळी पण आजारी पडू का?" त्याच्या दृष्टीने त्या खोलीतील दोन मोठ्या माणसांनी मिळून एक युक्ती केली होती आणि ती चालली होती. तेव्हापासून मी एकच नियम केला : जे मी तपासले नाही ते 'तपासले' असे लिहायचे नाही. आजार खरा होता, पण तेव्हा दाखवायला आले नाहीत, तर 'पालकांच्या सांगण्यानुसार' असे शब्द लिहितो. आजार नव्हताच, तर शाळेला खरे कारण लिहून देण्याविषयी सुचवतो. गावच्या गणपतीला जातो असे लिहिले, तर बहुतेक वर्गशिक्षक रागावत नाहीत, त्यांनाही गाव असते. या नियमापायी दोन कुटुंबे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. आणि नियम अभंग राहिला का? नाही. मागच्या वर्षी एका रोजंदारीवरील माणसाला तीन दिवसांचे खोटे आजारपण लिहून दिले. मुलीला दवाखान्यात दाखल केले होते, आणि तिच्यासाठी रजा मागितली तर ठेकेदार काढून टाकणार होता. त्या रात्री मला झोप लागली. ते योग्य होते की नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही; मात्र त्या एका चिठ्ठीवरून मी पुन्हा गणपतीच्या चिठ्ठ्या देऊ लागलो नाही.

दोन इशारे डॉक्टर या नात्याने द्यायला हवेत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उपवासापुरती नाही. सकाळी कापडी पिशवी नेली म्हणून दिवसभर आपल्याला एक अदृश्य सवलत मिळाल्यासारखे वाटू लागते. ती सवलत ओळखावी आणि स्वतःशी हसून सोडून द्यावी. दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. काही जणांचे मन अपराधी भावनेत रुतून बसते. आपल्याकडून कोणाला इजा तर झाली नाही ना, हा विचार दिवसातून तासन् तास पिच्छा पुरवतो, पुन्हा पुन्हा तपासावेसे वाटते, हात धुतले तरी समाधान होत नाही, झोप आणि भूक उडते. ही सद्गुणाची पराकाष्ठा नव्हे, हा उपचार करता येण्याजोगा आजार असू शकतो. अशा व्यक्तीला 'तू फार हळवी आहेस' असे म्हणून सोडून न देता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. सरांच्या बाबतीत मला ही शंका आली होती. सुदैवाने तसे नव्हते.

सरांना मी शेवटी एकच गोष्ट मागितली. घरातील शॅम्पूची रिकामी झालेली जाड बाटली घ्या, तिच्यावर 'सुया' असे ठळक लिहा, ती नातवाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. वापरलेली सुई तिच्यात टाका, बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा आणि माझ्याकडे आणून द्या. माझ्या पांढऱ्या डब्याबरोबर तीही जाईल. बाकीचे सहा डबे विसरा. गणिताच्या शिक्षकाला साजेसा प्रश्न त्यांनी विचारला, "किती टक्के सुया आल्या तर पास?" मी म्हटले, "प्रवासात एखादी राहिली तर नापास करणार नाही."

तीच विनंती मी इतरांनाही करू लागलो. आता इन्सुलिनची पहिली चिठ्ठी लिहितानाच बाटलीचे सांगतो. काही आणतात, काही विसरतात. 'आमची नसेल हो' म्हणणारे गृहस्थ अद्याप आलेले नाहीत. मी दर भेटीत आठवण करतो आणि ते दर भेटीत हो म्हणतात. आपल्याकडे कोणी इन्सुलिन घेत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून पाहावे. ते कदाचित माझ्यासारखेच गोंधळतील, पण बहुतेक जण बाटली ठेवून घेतील.

मावशींच्या २८ दिवसांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. त्या काळात तोंडाला चव नसे, सकाळी गाडीवर उभे राहताना गरगरे. चार दिवसांचे खाडे पडले आणि त्या दिवसांचे पैसे कापले गेले. काविळीच्या लसीचे तीनही डोस झाले. घरी त्यांनी 'पित्ताच्या गोळ्या' म्हणून सांगितले होते, असे मला बऱ्याच उशिरा कळले. सहा महिन्यांचा अहवाल घेऊन त्या आल्या, तेव्हा तो वाचता येत नसूनही त्यांनी चारपदरी घडी घालून पदराच्या गाठीत बांधून आणला होता. सर्व काही निर्दोष. मी तो दोनदा वाचून दाखवला.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर सर त्यांची तिसरी बाटली घेऊन बसले होते. मावशी बाहेर पडताना त्यांना ओळखीचे हसल्या. त्यांच्या पिशवीतून कधी काळी काही टोचले असेल, हे मावशींना कोणी सांगितलेले नाही. सर उठून उभे राहिले, काहीतरी बोलावे असा त्यांचा चेहरा झाला आणि मग त्यांनी नुसताच नमस्कार केला. आत आल्यावर बाटली माझ्या टेबलावर ठेवीत म्हणाले, "ह्या खेपेला दोन कमी आहेत. नाशिकच्या लग्नात राहिल्या."